तळ्यातल्या कासवाचा हिवाळा आणि मधल्या तापमानाचा घोळ

थंडी पडू लागली की बागेतल्या तळ्यात कासव पाळणाऱ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. कालपरवापर्यंत खाद्याचा डबा खुळखुळला की काठाशी येऊन मान ताणणारं कासव आता ढिम्म हलत नाही. आठवड्याभरात तर ते दिसेनासंच होतं. वाकून पाहिलं तर तळाच्या गाळात एक काळपट, गोलसर आकार सापडतो. सकाळी जिथे होता तिथेच संध्याकाळी. आजारी पडलं का? बुडालं का? बाहेर काढू? पाण्यात हीटर सोडू? बळेबळे काही भरवू?

प्रश्न सगळे रास्त आहेत. घोळ होतो तो उत्तरांत, कारण थंडीचा विचार आपण आपल्या अंगावरून करतो. आपल्याला गारठा बाधतो, म्हणजे त्यालाही बाधत असणार. म्हणून थोडी ऊब द्यावी, थोडं खायला घालावं. कासवाच्या बाबतीत हे ‘थोडं’च नडतं. पुरती ऊब त्याला चालते, पुरता गारठाही चालतो. या दोन्हींच्या मधे लटकवून ठेवलेलं कासव मात्र झिजत जातं.

कासवाच्या अंगात ऊब येते कुठून?

माणूस, कुत्रा, चिमणी यांचं शरीर खाल्लेल्या अन्नातून स्वतःची ऊब तयार करतं आणि बाहेर काहीही असो, ती टिकवून धरतं. कासव, साप, सरडे यांना हे जमत नाही. पाणी १० अंश सेल्सिअस असेल तर त्यात पडून राहिलेलं कासवही साधारण १० अंशांचंच असतं. (या लेखातले सगळे अंश सेल्सिअसमधले.) म्हणूनच ते ओंडक्यावर चढून, पाय पसरून ऊन खातं. ते उन्हाचा आनंद वगैरे घेत असेलही, पण मुख्यतः ते अंग तापवत असतं.

शरीरात सतत चालणाऱ्या रासायनिक घडामोडींना, म्हणजे अन्न पचवणं, ऊर्जा वापरणं, जखम भरणं, जंतूंशी लढणं या सगळ्याला मिळून चयापचय म्हणतात. अंग गार पडलं की कासवाचा चयापचय मंदावतो. ढोबळमानाने तापमान १० अंशांनी उतरलं की त्याचा वेग निम्म्यावर, कधी एक तृतीयांशावर येतो. २५ अंशांवरून ५ अंशांवर जाईपर्यंत शरीराचा खर्च किती खाली येत असेल याचा अंदाज यावरून बांधता येईल. भूक जाते, हालचाल थांबते, हृदयाचे ठोके विरळ होतात. या अवस्थेला शीतनिद्रा म्हणतात. पण ही आपल्यासारखी गाढ झोप नव्हे. तळाशी पडलेल्या कासवाचे डोळे अनेकदा उघडेच असतात. मागच्या पायाला हळूच बोट लावलं तर पाय आत जातो, पण इतका सावकाश की तो हलला की आपल्यालाच भास झाला असं वाटावं. अधूनमधून ते तळावरून चार पावलं सरकतंही.

धोका नेमका कुठे आहे?

शेकोटी डोळ्यांपुढे आणा. ती भडकलेली असते तेव्हा लाकडं खाते, पण त्या बदल्यात ऊब देते. रात्री राखेखाली दडपलेला निखारा जवळजवळ काहीच जाळत नाही आणि सकाळपर्यंत जिवंत राहतो. तिसरी अवस्था ओल्या लाकडांची. शेकोटी धुमसत राहते, धूर होतो, लाकडं संपत जातात आणि ऊब काही मिळत नाही.

पाण्यातल्या कासवाची २० अंशांच्या वरची अवस्था भडकलेल्या शेकोटीची. खातं, पचवतं, वाढतं, आजाराशी लढतं. पाणी साधारण १० अंशांच्या खाली जाऊन तिथे स्थिर राहिलं की तो राखेखालचा निखारा. अंगातली चरबी आणि साखरेचा साठा इतक्या संथपणे वापरला जातो की निरोगी कासवाला तो कित्येक महिने पुरतो. धुमसणारी शेकोटी असते ती १० ते १५ अंशांच्या पट्ट्यात. तिथे कासव पुरतं निजलेलं नसतं, साठा खर्च होत असतो. पचनाची यंत्रणा मात्र इतकी मंदावलेली असते की पोटात गेलेलं अन्न पचण्याआधी सडू लागतं. रोगप्रतिकारशक्ती झोपलेली आणि जंतू बऱ्यापैकी जागे. फुप्फुसाचे आजार, कवचावरचे चट्टे आणि व्रण यांची सुरुवात अनेकदा याच काळात होते. लक्षणं दिसतात ती पुढे, वसंतात.

निरोगी कासव शरद ऋतूत या पट्ट्यातून खाली जातं आणि वसंतात पुन्हा वर येतं. तेवढ्या प्रवासाने त्याचं काही बिघडत नाही. महिनोन्‌महिने तिथेच अडकून पडलं, किंवा आपण त्याला सारखं आत-बाहेर केलं, की बिघडतं.

तळाशी गुदमरत कसं नाही?

कासव फुप्फुसांनी श्वास घेतं. मग डोकं वर न काढता ते आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहतं कसं?

याचं पहिलं कारण वर आलंच आहे: खर्चच इतका उतरलेला असतो की प्राणवायूची गरज नाममात्र उरते. ही गरज कासव पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूतून भागवतं, मुख्यतः कातडीतून आणि थोडाफार घशाच्या अस्तरातून. ‘कासव ढुंगणाने श्वास घेतं’ असं वाक्य समाजमाध्यमांवर दर हिवाळ्यात फिरतं. ऑस्ट्रेलियातल्या फिट्झरॉय नदीतल्या कासवासारख्या काही जातींबाबत ते खरंच आहे. पाळल्या जाणाऱ्या नेहमीच्या जातींत मात्र बहुतेक काम कातडीच करते. थंड पाण्याचा इथे आणखी एक फायदा होतो. ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ७.५ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ० अंशाच्या आसपास १४.६ मिलिग्रॅम. म्हणजे गरज कमी होते तेव्हाच पुरवठा जवळपास दुप्पट होतो.

प्राणवायू पार संपला तर काय होतं, हे आणखी नवलाचं आहे. उत्तर अमेरिकेतलं पेंटेड टर्टल ३ अंशांच्या, प्राणवायू अजिबात नसलेल्या पाण्यात प्रयोगशाळेत १०० दिवसांहून अधिक जगलेलं आहे. अशा वेळी त्याचं हृदय मिनिटाला एखादाच ठोका देतं, कधी त्याहूनही कमी. प्राणवायूशिवाय ऊर्जा तयार करताना शरीरात लॅक्टिक आम्ल साचतं आणि एरवी त्याने जीव जावा. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ डोनाल्ड जॅक्सन यांनी अनेक वर्षं याच कोड्यावर काम केलं. त्यातून कळलं ते असं: कासवाच्या कवचातून आणि हाडांतून चुन्याचे क्षार रक्तात उतरतात आणि आम्ल मारतात, शिवाय त्या आम्लाचा मोठा वाटा कवच स्वतःमध्ये साठवून ठेवतं. ज्या ढालीला आपण केवळ संरक्षण समजतो, ती हिवाळ्यात औषधाची पेटीही असते.

यातून घरच्या तळ्यासाठी एक सूचना निघते. हे सगळं गार पाण्यातच चालतं. तेच कासव २५ अंशांच्या पाण्यात जाळीत किंवा पंपाच्या तोंडाशी अडकलं, तर त्याला वर येऊन श्वास घ्यावाच लागतो आणि ते जमलं नाही तर ते काही तासांत बुडून मरू शकतं. मोकळी लोंबणारी जाळी तळ्यात कुठल्याच ऋतूत नको.

वर बर्फ आणि खाली कासव, हे जमतं कसं?

बहुतेक द्रव पदार्थ जितके गार तितके जड होत जातात. पाणी ४ अंशांपर्यंत तसंच वागतं आणि मग उलटतं. ४ अंशांचं पाणी सर्वांत जड म्हणून ते तळाशी बसतं; त्याहून गार पाणी हलकं म्हणून वर येतं आणि गोठायला सुरुवात वरून होते. वरचा बर्फ मग खालच्या पाण्याला वाऱ्यापासून आणि आणखी गारठण्यापासून वाचवतो. पुरेशा खोल तळ्यात वर बर्फाचा जाड थर असला तरी तळाशी ४ अंशांच्या आसपासचं पाणी टिकून असतं, आणि कासवाला नेमकं तेच हवं असतं. ३ ते ८ अंशांचा पट्टा त्याच्या शीतनिद्रेला चांगला मानवतो. शरीरातलं पाणीच गोठलं तर मात्र प्रौढ कासव वाचत नाही.

म्हणून खोलीला एवढं महत्त्व. पाणी गोठतं अशा ठिकाणी तळ्याचा निदान काही भाग मीटरभर तरी खोल असावा. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात त्याहून अधिक. जमिनीत खणलेलं तळं आणि जमिनीवर ठेवलेला टब यांची तर तुलनाच नको. तळ्याच्या भोवती माती असते, ती तापमान सांभाळते. टबाला चारही बाजूंनी वारा लागतो. तो कडेने, तळातून, सगळीकडून गोठतो आणि उन्हाच्या दिवशी तितक्याच झपाट्याने तापतो. उथळ टबात किंवा प्लॅस्टिकच्या हौदात कासवाला हिवाळाभर बाहेर ठेवणं मला कुठल्याच हवामानात पटत नाही.

सगळ्याच कासवांना हे झेपतं का?

नाही. आणि पहिला निर्णय इथेच करायचा असतो.

डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, पाळीव म्हणून जगभर पसरलेलं रेड-इअर्ड स्लायडर हे मूळचं अमेरिकेच्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. तिथे हिवाळा असतो, त्यामुळे प्रौढ आणि धडधाकट स्लायडरला शीतनिद्रा नवी नाही. पेंटेड टर्टल तर पार कॅनडाच्या दक्षिण भागापर्यंत सापडतं. युरोपियन पाँड टर्टल आणि स्नॅपिंग टर्टलही याच पठडीतली. मऊ कवचाची कासवं आणि मॅप टर्टल थंडी सोसतात, पण पाण्यातला प्राणवायू घटलेला त्यांना सोसत नाही. साचलेल्या, गाळाच्या तळ्यात ती दगावतात. उष्ण कटिबंधातल्या जाती, उदाहरणार्थ न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियातलं डुकरासारख्या नाकाचं पिग-नोज्ड टर्टल, यांना थंड पाण्यात ठेवणं म्हणजे सरळ मारणं. आणि जमिनीवरच्या कासवांचा तळ्याशी संबंधच नाही. ती पोहत नाहीत, बुडतात.

जात योग्य असली तरी पहिल्या एकदोन वर्षांची पिल्लं, नुकतीच आणलेली, आजारातून उठलेली किंवा हाडकलेली कासवं घरातच ठेवावीत. पेंटेड टर्टलची पिल्लं निसर्गात पहिला हिवाळा मातीतल्या घरट्यातच काढतात आणि शून्याखालचं तापमानही सोसतात हे खरं, पण त्या आधारावर आपल्या पिल्लाची परीक्षा घ्यायचं कारण नाही. कासव कोणत्या जातीचं आहे हेच नक्की माहीत नसेल, तर ते आत. त्यावर वाद नको.

थंडीआधी काय तपासायचं, खाणं कधी थांबवायचं?

उन्हाळा संपता संपता कासव हातात घेऊन नीट पाहावं. डोळे स्वच्छ आणि उघडे आहेत का? नाकातून बुडबुडे किंवा चिकट पाणी येतंय का? तोंड उघडं ठेवून श्वास घेतंय का? पोटाकडच्या कवचावर लालसर डाग, मऊ जागा किंवा दुर्गंधी आहे का? पोहताना एका बाजूला कललेलं दिसत असेल तर फुप्फुसाच्या संसर्गाची शंका घ्यावी आणि असं कासव थंड पाण्यात अजिबात सोडू नये. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून विष्ठा तपासून घेता आली तर उत्तम, कारण पोटात जंत असतील तर हिवाळ्यात त्यांचा भार जड जातो. वजन करून तारखेसकट लिहून ठेवावं. वसंतात ताडून पाहायला हा एक आकडा फार उपयोगी पडतो. आणि कासव हाताळल्यावर साबणाने हात धुणं दरवेळी आलंच; साल्मोनेला हे जंतू निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही असतात.

खाण्याच्या बाबतीत लोकांचं मन सर्वांत जास्त कच खातं. पाणी १५ अंशांच्या आसपास उतरू लागलं की खाद्य बंद. पुढे दोन ते तीन आठवडे पोट रिकामं व्हायला मिळाले पाहिजेत, म्हणजे कासव खरंच निजेल तेव्हा आतड्यात सडायला काही उरणार नाही. ‘पण ते मागतंय ना!’ मागेल. सवयीने मागतं, दुपारच्या उन्हात अंग तापलं की मागतं. रात्री पाणी ११ अंशांवर गेलं की पोटातल्या त्या खाद्याच्या गोळ्यांचं काय होणार, हे त्याला कळत नाही, आपल्याला कळतं. उपाशी ठेवण्याची भीती वाटत असेल तर उन्हाळ्यातच त्याला चांगलं खाऊ घालावं. हिवाळ्याचा साठा तेव्हा भरला जातो, शेवटच्या आठवड्यात नाही.

हे सगळं मोजायचं तर तापमापक लागतो, आणि तो हवेत टांगलेला नको. लांब वायरचा, टोकाला सेन्सर असलेला तापमापक घ्या आणि सेन्सर तळाच्या सर्वांत खोल जागी सोडा. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा नोंदवून ठेवणारा मिळाला तर आणखी चांगलं. हवेचं तापमान दुपारपासून पहाटेपर्यंत पंधरा अंशांनी हलेल. खोल तळ्याचा तळ अंशभरही हलणार नाही. कासव तळाशी राहणार, तेव्हा आकडाही तळाचाच हवा.

तळ्याची तयारी

झाडांची पानगळ सुरू झाली की तळ्यावर जाळी ताणून बांधावी. पानं पाण्यात पडली की कुजतात, कुजताना प्राणवायू खातात आणि बर्फाखाली त्यांचे विषारी वायू कोंडून राहतात. आधीचा काळा, वास मारणारा गाळ काढून टाकावा. तळ अगदी खरवडून काढू नये; वाळूचा किंवा स्वच्छ मातीचा थर असला की कासव त्यात अर्धवट रुतून बसतं. दोन्ही तोंडं मोकळी असलेला रुंद पाइपाचा तुकडा आडोसा म्हणून चालतो, फक्त त्यात ते वळू शकलं पाहिजे, अडकता कामा नये.

कारंजं आणि कृत्रिम धबधबा हिवाळ्यात बंद. ते दिसायला छान दिसतात, पण वरचं गोठायला आलेलं पाणी खाली आणि खालचं ४ अंशांचं पाणी वर करतात. म्हणजे कासवाचा उबदार थर आपणच मोडतो. हवा सोडणारा छोटा पंप चालेल, मात्र त्याच्या नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड तळाशी न ठेवता उथळ बाजूला किंवा मधल्या खोलीवर ठेवावा. बुडबुड्यांनी एक जागा मोकळी राहते आणि वायूंची देवघेव चालू राहते.

बर्फात एक भोक कायम उघडं ठेवणं एवढंच तरंगत्या हीटरचं काम. तळं तापवणं हे त्याचं काम नाही. विजेची जोडणी गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या स्विचवरूनच घ्यावी. हीटरचा तापणारा भाग जाळीच्या आवरणात असावा, कारण मधेच जागं झालेलं कासव त्याला जाऊन चिकटतं. रातोरात पूर्ण बर्फ झाला तर हातोडा घेऊन फोडू नका. त्या दणक्याच्या लाटा पाण्यातून थेट खालच्या प्राण्यांपर्यंत जातात. गरम पाण्याचं भांडं बर्फावर टेकवून ठेवलं की हळूहळू भोक पडतं. बर्फावर हिम साचलं असेल तर काही भाग झाडून काढावा, म्हणजे उजेड आत जाईल आणि पाणवनस्पती प्राणवायू बनवत राहतील.

कुत्रे, उंदीर, घुशी यांचा बंदोबस्तही हवा. गारठलेलं कासव पळू शकत नाही आणि पाय पुरते आत घेण्याइतकीही चपळाई त्याच्यात नसते. उंदरांनी निजलेल्या कासवांचे पाय कुरतडल्याचे प्रकार घडतात.

मग सरळ सगळं तळंच तापवलं तर?

तापवू शकता, पण अर्धवट नको. उघड्या तळ्यात हीटर सोडून पाणी ६ वरून १३ अंशांवर आणलं, तर तुम्ही निखाऱ्यावरची राख उडवून त्यावर ओलं लाकूड टाकलंत. हिवाळाभर २२ ते २५ अंश राखता येत असेल, वर काचेचं किंवा पॉलिथिनचं आच्छादन असेल, ऊन खायच्या जागी उष्णतेचा दिवा असेल आणि वीज गेली तर दुसरी सोय असेल, तर तो पुरता पर्याय झाला. एवढा खटाटोप करण्यापेक्षा घरात टाकी मांडणं सोपं.

आमच्याकडे बर्फ पडतच नाही, मग काय?

मला विचाराल तर हा प्रश्न बर्फाच्या प्रदेशातल्या प्रश्नापेक्षा अवघड आहे. सौम्य हिवाळ्यात दुपारी २६ अंश, पहाटे १० आणि तळ्याचं पाणी आठवडेच्या आठवडे १३ ते १८ च्या दरम्यान. म्हणजे बरोबर मधल्या पट्ट्यात आणि त्याच्या उंबरठ्यावर.

इथे ऊन तारतं. दिवसा लख्ख ऊन आणि बसायला कोरडा, वाऱ्यापासून आडोशाचा ओंडका असेल, तर कासव त्यावर काही तास बसून अंग हवेपेक्षाही जास्त तापवतं आणि तेवढ्यात पचनाची, जंतूंशी लढण्याची कामं उरकतं. अशा ठिकाणी प्रौढ स्लायडर वर्षभर बाहेर मजेत राहतात. खाणं मात्र हात आखडून घालावं: पाणी सलग काही दिवस १८ अंशांच्या वर असेल आणि पुढचे दिवस उन्हाचे दिसत असतील तरच, सकाळी उशिरा, थोडंसं. ढगाळ, पावसाळी गारठा आठवडाभर रेंगाळला आणि कासव ना निजतंय ना ऊन खातंय अशा स्थितीत दिसलं, तर ते आत घ्यायची वेळ झाली. तळं जितकं खोल आणि मोठं, तितके हे चढउतार सौम्य. म्हणून इथेही टबापेक्षा तळंच बरं.

मधेच वर आलं, किंवा मेल्यासारखं दिसलं तर?

थंडीत उन्हाचा एखादा दिवस उगवतो आणि कासव ओंडक्यावर येऊन बसतं. घाबरू नका, खायला तर मुळीच देऊ नका. संध्याकाळी ते पाण्यात परतलं की विषय संपला. अंधार पडला, हवा गोठणबिंदूकडे निघाली आणि ते अजून काठावरच आहे, तर काहीतरी बिघडलंय. तसंच ते पृष्ठभागावर तरंगत असेल, कललं असेल किंवा वारंवार वर येऊन तोंड उघडत असेल तर.

अशा कासवाला थेट उबदार खोलीत आणून दिव्याखाली ठेवू नये. आधी घरातल्या गार खोलीत, १० ते १५ अंशांत. मग दोनतीन दिवसांत टप्प्याटप्प्याने वर. एकदा आत आणलं की ते वसंतापर्यंत आतच. बरं वाटलं म्हणून आठवड्याने परत तळ्यात सोडणं हा त्याला अर्धवट गारठ्यात पुन्हा ढकलण्याचा प्रकार झाला.

ते मेलंय की निजलंय, हे गार पाण्यात ठरवणं खरंच कठीण जातं. डोळे खोल गेलेले, कातडी सुटी आणि मऊ पडलेली, कुजका वास, यांवरून उलगडा होतो. शंका असेल तर कोरड्या तबकात ठेवून वरच्याच पद्धतीने सावकाश उबदार करावं आणि दिवसभर तरी वाट पाहावी. खोल पाण्यात ठेवू नये. डोकं वर काढायचंही त्राण नसेल तर ते उबदार होता होता बुडेल.

घरात ठेवलं तर काही बिघडतं का?

शीतनिद्रेशिवाय पाळीव कासव पूर्ण आयुष्य जगू शकतं. पिल्लं काढायचा विचार असेल तर थंडीच्या काळाचा उपयोग होतो, एरवी तो चुकल्याने नुकसान नाही. मात्र घरातला हिवाळा हा पुरता उन्हाळा हवा: पाणी २४ ते २६ अंश, बसायची जागा ३० ते ३२ अंश आणि दिवसाचे १० ते १२ तास यूव्हीबी दिवा. यूव्हीबी म्हणजे उन्हातला तो भाग ज्यामुळे कातडीत ड जीवनसत्त्व तयार होतं आणि कवचाला कॅल्शियम मिळतं. खिडकीच्या काचेतून तो येत नाही, त्यामुळे टाकी खिडकीशी ठेवून भागत नाही. दिवा उजेड देत राहिला तरी त्यातला हा भाग आधीच संपतो; बनावटीप्रमाणे सहा महिने ते वर्षभरात तो बदलावा लागतो. आत आणायचं ठरलं तर तळ्याचं पाणी १५ अंशांखाली जाण्याआधीच आणावं.

जंगलात त्यांची काळजी कोण घेतं?

हा आक्षेप हमखास येतो. कुणीच घेत नाही, आणि म्हणून दर हिवाळ्यात त्यातली काही मरतात. जी जगतात ती खोल डोह, वाहत्या झऱ्याची जागा, ओढ्याकाठचा पोकळ आडोसा स्वतः शोधतात. एक जागा नडली तर दुसरीकडे जातात. आपण त्याला चार भिंतींच्या तळ्यात ठेवलं की ही निवड त्याच्याकडून काढून घेतलेली असते.

‘मग सोडून देतो नदीत’ हे त्याचं उत्तर नाही. स्लायडर थंडी सोसतं म्हणूनच ते परक्या मुलखातही टिकतं आणि तिथल्या मूळ कासवांच्या ऊन खायच्या जागा व खाद्य बळकावतं. आयुसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, जगातल्या १०० सर्वांत उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत ते आहे, आणि युरोपीय संघाने १९९७ मध्येच त्याची आयात थांबवली. तळ्याभोवतीचं कुंपण त्यामुळे आतून बाहेर जाणाऱ्यालाही अडवणारं हवं. कासवं चढतात, उकरतात आणि वसंतात, नुकती जागी झालेली असताना, फिरायला निघतात.

जागं झाल्यावर

पाणी १० अंशांच्या वर सरकू लागलं की हालचाल दिसू लागते. हे दिवस हिवाळ्यापेक्षाही नाजूक. साठा संपत आलेला, प्रतिकारशक्ती अजून जागी व्हायची आणि पाणी त्याच मधल्या पट्ट्यात. आधी त्याला ऊन खाऊ द्यावं. साचलेलं आम्ल शरीर याच काळात निस्तरत असतं. पाणी सलग १८ अंशांच्या वर गेल्यावर पहिलं खाणं, नेहमीच्या निम्म्याहून कमी, दोनतीन दिवसांच्या अंतराने. पुन्हा तीच तपासणी करावी: डोळे, नाक, तोंड, कवच. वजन शरदातल्या आकड्याशी ताडावं. थोडी घट अपेक्षितच असते, पण हातात घेतल्यावर ते हलकं लागत असेल आणि मागचे पाय आत खेचताना जोर जाणवत नसेल, तर थांबू नये. पाणी २० अंशांवर स्थिरावून दोन आठवडे झाले आणि तरीही ते अन्नाला तोंड लावत नाही, डोळे सुजलेले आहेत किंवा नाकाशी बुडबुडे आहेत, असं दिसलं तर घरगुती उपाय न करता पशुवैद्याकडे न्यावं, आणि जाताना वजनाची नोंद व तळाच्या तापमानाचे आकडे सोबत घ्यावेत.